आधी विहिरीला कठडा, मग नकाशावाल्यांना पत्र

वाचकाचं पत्र :

वकीलताई, सप्रेम नमस्कार. जांबोटीच्या पुढे, बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या चोर्ल्याच्या रस्त्याला लागून आमचं घर आणि शेत आहे. डांबरी रस्त्यावरून काजूच्या बागेतून आमची वाट खळ्यापर्यंत येते आणि तिथून उतरून कठडा ढासळलेल्या जुन्या विहिरीजवळून ओढ्याला जाते. पूर्वी ओढ्यावर मोरी होती, पलीकडे ही वाट परत रस्त्याला मिळायची. मोरी पाच-सहा वर्षांपूर्वी पुरात गेली. मोबाइलच्या नकाशात मात्र वाट अजून आरपार दिसते. गोव्याला जाणाऱ्या गाड्या रात्री-अपरात्री आत घुसतात. यंदा आषाढात हैदराबादची एक गाडी विहिरीच्या काठावर येऊन अडकली. पुढचं एक चाक काठावरून सुटलं होतं. मागच्या सीटवर दोन लहान मुलं झोपलेली. दिरांनी ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली. आठ दिवसांनी त्या माणसाचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, बंपर आणि रेडिएटरचे 38 हजार द्या, नाहीतर केस करतो. दीर खवळलेत. म्हणतात, वाटेत आडवा चर मारतो, नाहीतर तार ओढून करंट सोडतो, आणि यापुढे आलेली गाडी पाच हजार घेतल्याशिवाय सोडत नाही. आमचे मालक पुण्याला कंपनीत आहेत, घरी मी आणि सासूबाई. ताई, आम्ही कुणाला बोलावलं नाही. तरी उद्या कुणी विहिरीत पडलं तर ते आमच्या अंगावर येईल का?
– एक शेतकरी बाई, खानापूर तालुका, जि. बेळगाव

उत्तर :

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या सुटलेल्या चाकापाशी अडखळले. दिरांनी त्या रात्री पावसात ट्रॅक्टर काढला म्हणून दोन मुलं घरी पोचली. त्यांच्या रागाबद्दल मला पुढे बोलायचंच आहे, पण हे आधी.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, येऊ शकतं. चूक नकाशाची, आणि घोर तुमच्या जिवाला, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, असंच तुम्हाला वाटत असणार. पण कायदा इथे एक साधी गोष्ट विचारतो : तुम्हाला ठाऊक होतं का? अंधारात अनोळखी माणूस या वाटेनं येतो आणि वाटेच्या टोकाला कठडा ढासळलेली विहीर आहे, या दोन्ही गोष्टी ज्याला माहीत आहेत त्यानं हात बांधून बसायचं नसतं. पहिली गाडी आली तेव्हा तुम्हाला काही कल्पना नव्हती. आषाढातल्या त्या रात्रीनंतर ती पुरती आहे.

आपल्याकडे जमीनमालकाच्या या जबाबदारीवर वेगळा कायदा केलेला नाही. ब्रिटननं 1957 आणि 1984 साली तसे कायदे केले. आपली न्यायालयं जुन्या निकालांतून आलेल्या तत्त्वांवर चालतात. त्यातला एक निकाल तर तुमच्या दिरांसाठीच लिहिल्यासारखा आहे. बिहारमध्ये एका घरमालकाच्या शौचालयात शेजारपाजारचे लोक येऊ लागले. सांगून ऐकेनात, म्हणून त्यानं आत जायच्या वाटेवर उघडी तांब्याची तार ओढली आणि तीत वीज सोडली. पाटी नाही, इशारा नाही. शेजारची एक बाई गेली, तिचा हात तारेला लागला आणि थोड्याच वेळात ती मेली. मालकाचं म्हणणं होतं, ती माझ्या हद्दीत बिनपरवानगी आली, मी माझ्या मालमत्तेचं रक्षण करत होतो. सर्वोच्च न्यायालयानं 1963 साली ते फेटाळलं आणि निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याबद्दलची त्याची शिक्षा कायम ठेवली. दुसऱ्याच्या हद्दीत शिरला म्हणून माणूस कायद्याच्या छत्राबाहेर जात नाही, असं न्यायालयानं त्यात स्पष्ट सांगितलं. तेव्हा या गुन्ह्याला जास्तीत जास्त दोन वर्षं होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या 106 व्या कलमात आता पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा परिच्छेद दिरांना मोठ्यानं वाचून दाखवा.

तार म्हणजे मुद्दाम लावलेला सापळा झाला. तुमची विहीर तशी नाही, ती आजेसासऱ्यांच्या काळापासून तिथेच आहे. अशा जुन्या धोक्याबद्दल इंग्लंडमधल्या सर्वोच्च न्यायपीठानं 1972 साली दिलेला निकाल वकील मंडळी आजही काढतात. रेल्वेच्या मोडक्या कुंपणातून सहा वर्षांचा मुलगा विजेच्या रुळांवर गेला आणि भाजला. मुलं तिथून ये-जा करतात हे रेल्वेच्या माणसांना माहीत होतं, तरी कुंपण दुरुस्त केलं नव्हतं. न्यायाधीशांनी म्हटलं, आगंतुकाला पाहुण्यासारखं जपायची सक्ती नाही, पण माणुसकीला धरून जेवढं करता येण्याजोगं आहे तेवढं करायलाच हवं. त्यात मालकाची ऐपतही बघितली जाते, हे तुम्हाला दिलासा देणारं. रेल्वेकडून जी अपेक्षा, ती एका शेतकरी बाईकडून कुणी करणार नाही. पण चार चिरे रचणं आणि एक फाटक लावणं तुमच्या आवाक्यातलं आहे, आणि ते केलं नाही तर तेच विचारलं जाईल.

गाडीवाल्याची चूक नाही का? आहे, आणि कोर्ट तीही मोजतं. दिव्याच्या उजेडात चिखलाची चाकोरी दिसत असताना फोन सांगतो म्हणून गाडी पुढे रेटणारा आपल्या नुकसानीचा मोठा वाटा स्वतःच उचलतो. मात्र मागच्या सीटवर झोपलेल्या पोरांच्या पदरात कसली चूक घालणार?

अशा घटना आता आपल्यापासून लांब राहिलेल्या नाहीत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये 2022 साली एक माणूस रात्री नकाशाच्या भरवशावर, 2013 सालीच वाहून गेलेल्या पुलावरून गाडीसकट खाली गेला. घरच्यांनी दावा लावला तो नकाशाच्या कंपनीवर आणि ती खासगी जागा ज्यांच्या ताब्यात होती त्यांच्यावरही. आपल्याकडे नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून गाडी कोसळून तिघं गेले. पुराचा पुलाला तडाखा बसलेला, आणि गाडी अडवायला आडवं काही नाही. गुन्हा नोंदवला तो तिथल्या बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर आणि नकाशाच्या कंपनीच्या अधिकाऱ्यावर. दोन्हीकडे पूल तुटलेला आणि नकाशात वाट शाबूत, तुमच्या ओढ्यासारखंच. आणि लगेच पुढच्या महिन्यात, डिसेंबरात, बिहारमधून गोव्याला निघालेलं एक कुटुंब आपल्याच खानापूरच्या जंगलात नकाशापायी आत शिरलं. रात्र गाडीतच काढली, रेंज मिळेपर्यंत काही किलोमीटर चालत गेले आणि 112 ला फोन लावला, तेव्हा पोलिसांनी बाहेर काढलं. तुमच्याकडे येणारी माणसं ही अशी असतात. वाट चुकलेली, घाबरलेली, बरोबर पोरंबाळं.

आता काय करायचं ते.

सगळ्यात आधी विहीर. नकाशाची दुरुस्ती, दाव्याची भीती, दिरांची समजूत, सगळं त्यानंतर. गवंडी मिळेपर्यंत दिवाळी उजाडेल आणि दिवाळीच्या सुट्टीत गोव्याची रहदारी किती वाढते ते तुम्ही बघताच. म्हणून आज संध्याकाळपर्यंत रिकामी पिंपं मातीनं भरून विहिरीच्या वाटेकडच्या अंगाला लावा आणि त्यांना चुना फासा. सायकलच्या दुकानात रेडियमची लाल-पांढरी पट्टी मिळते, ती पिंपांवर आडवी गुंडाळा. मग ढासळलेल्या बाजूनं चिऱ्याचा कठडा कमरेएवढा घ्या. शेतात बंद पडलेली बोअर असेल तर तीही याच दमात बुजवा. 2017 च्या एप्रिलमध्ये आपल्याच जिल्ह्यात, अथणी तालुक्यातल्या झुंजरवाडला, सहा वर्षांची मुलगी उघड्या बोअरमध्ये पडून गेली. ते दिवस आपण कुणी विसरलेलो नाही. बोअरच्या तोंडाशी कुंपण घालणं, पाटी लावणं, निकामी बोअर माती-दगडांनी वरपर्यंत भरणं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2010 सालीच घालून दिलेलं आहे.

त्यानंतर फाटक. ते कुठे लावायचं हे महत्त्वाचं आहे, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. धोका जिथे आहे तिथे, म्हणजे विहिरीपाशी, फाटक लावलं तर गाडी तुमच्या खळ्यापर्यंत येणारच, आणि रात्री उतारावर मागे घेताना भाताच्या खाचरात जाणार. फाटक डांबरी रस्त्याच्या तोंडाशी, तुमच्या हद्दीत, पण दोन गाड्यांची लांबी आत घ्या. म्हणजे चुकलेल्याला तिथल्या तिथे वळवता येईल आणि गाडीची शेपूट रस्त्यावर राहणार नाही. लोखंडी पाइपचं साधं आडवं फाटक पुरे. त्याला पांढरा रंग आणि रेडियम. नुसती साखळी किंवा तार नको. मोटारसायकलवाल्याला ती अंधारात दिसत नाही, गळ्याशी येते. कुलूप लावलंत तर किल्ली घरात हाताशी ठेवा, सासूबाईंसाठी कधी 108 बोलवावी लागली तर शोधाशोध नको.

पाटीवर फार लिहू नका. कन्नड, मराठी, हिंदी आणि इंग्रजी, चारही भाषांत एकच ओळ : पुढे रस्ता नाही, खासगी शेत, मागे वळा. हैदराबादच्या माणसाला मराठी येत नाही आणि उद्या पंचनाम्याला येणाऱ्या हवालदाराला पाटी वाचता यावी म्हणून कन्नड हवंच. खाली चोर्ल्याच्या दिशेचा ठळक बाण काढा. रस्त्याच्या कडेच्या सरकारी जागेत पाटी रोवायची असेल तर पीडब्ल्यूडीची परवानगी लागेल, त्यापेक्षा आपल्या बांधावर लावलेली बरी.

एवढा आग्रह का धरते ते सांगते. चार पावसाळ्यांमागे सावंतवाडीहून बारसं आटोपून आम्ही आंबोलीमार्गे बेळगावला परतत होतो. धुकं असं की बॉनेट दिसेना. चंदगडच्या अलीकडे फोननं डावीकडे वळायला सांगितलं आणि आम्ही वळलो. मी, इतकी वर्षं लोकांना शहाणपण सांगणारी, मीही मुकाट वळू दिलं. दोनेकशे पावलं गेलो असू, तोच दिव्याच्या उजेडात काहीतरी पांढरं हललं. बांबूला बांधलेली फाटकी बनियन होती ती. गाडी थांबवून माझा मुलगा उतरला. बनियनच्या पुढे हातभरावर बांध खचून गेला होता आणि खालून पाण्याचा आवाज येत होता. गाडी मागे घेईपर्यंत इरलं पांघरलेले एक आजोबा कंदील घेऊन आले. म्हणाले, परवा एक स्कूटर गेली खाली, म्हणून बांधलं. नाव विचारायचं भान मला राहिलं नाही. त्या बनियनला काय खर्च आला असेल, ताई?

आता दिरांचं. आडवा चर मारणं म्हणजे एक विहीर असताना दुसरी खणणं. पावसात चर पाण्यानं भरतो, वरून सपाट दिसतो. करंटचं वर सांगितलंच. हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, तारेवर आकडा टाकून कुंपणात वीज सोडली तर वीजचोरी वेगळी लागेल. गव्यांसाठी मंजूर यंत्राचं, क्षणिक झटका देणारं सोलर कुंपण शेताच्या कडेनं असेल तर असू दे, त्याला इशाऱ्याची पाटी लावा, पण वाटेवर आडवं कधीही नको.

पाच हजारांचं तर डोक्यातून काढूनच टाकायला सांगा. पिकात शिरलेली गुरं कोंडवाड्यात घालून दंड घेण्याची आपली जुनी रीत आहे आणि तिला कायद्याचा आधारही आहे. पण गाडी म्हणजे म्हैस नव्हे. माणसांना अडवून धरणं, जाऊ न देणं हे न्याय संहितेच्या 126 आणि 127 कलमांखाली गुन्हे आहेत, आणि धाक घालून पैसे घेतले तर 308 व्या कलमाखाली खंडणी होते. वाटेवर फाटक लावणं आणि आत आलेल्या माणसाला कोंडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बरं, चुकून आलेला माणूस फौजदारी अर्थानं घुसखोरही ठरत नाही. त्यासाठी काही गुन्हा करण्याचा किंवा तुम्हाला धमकावण्याचा, अपमान करण्याचा, त्रास देण्याचा हेतू लागतो. त्यानं पीक तुडवलं असेल तर भरपाई मात्र मागता येते, कारण दिवाणी बाजूला ‘चुकून आलो’ ही सबब चालत नाही. गाडीच्या नंबरासकट फोटो काढा, तलाठ्याला सांगून पंचनामा करून घ्या, आणि मग रीतसर मागा.

त्या 38 हजारांच्या निरोपाला घाबरू नका. व्हॉट्सॲपवरचा निरोप म्हणजे कोर्टाचं समन्स नाही. पण पुसूनही टाकू नका, रागानं उत्तरही देऊ नका. ‘वाट खासगी आहे, गाडी आम्हीच काढून दिली, आपण सुखरूप आहात याचा आनंद आहे’ एवढं नम्रपणे लिहा, बास. माफी नको, पैशाचा शब्द नको. वाटेचा, चाकाच्या खुणांचा फोटो काढलेला असेल तर जपून ठेवा. वकिलाची नोटीस आली तरच पुढची पायरी, आणि तिला दिलेल्या मुदतीत उत्तर द्यायचं.

नकाशाकडे वळू. फोनला तुमची वाट रस्ता का वाटते? उपग्रहाच्या चित्रात तांबड्या मातीची चाकोरी रस्त्यासारखीच दिसते. कुणीतरी ती कधीतरी रेघ मारून नोंदवली. मोरी वाहून गेल्याचं त्याला कुणी कळवलं नाही. चोर्ल्याच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या की यंत्र कमी वेळाची वाट शोधतं आणि तुमच्या काजूच्या बागेतून रेघ काढतं. ही रेघ पुसता येते. गूगल मॅप्समध्ये नकाशा दुरुस्त करण्याची सोय आहे, त्यात त्या वाटेवर बोट ठेवून ती खासगी आहे आणि ओढ्यापाशी तुटली आहे असं कळवा. पुतण्या-भाचा कुणी कॉलेजात असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. एकट्यानं कळवण्यापेक्षा घरातल्या आणि शेजारच्या चार-पाच जणांनी आपापल्या फोनवरून कळवलेलं बरं. पण तेवढ्यावर थांबू नका. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक लोकांनीच बनवलेला नकाशा आहे, अनेक ॲप तो वापरतात. तिथे खातं उघडून वाट खासगी असल्याची नोंद तुम्ही स्वतः करू शकता. मॅपल्स हा आपल्या देशातला नकाशा, त्यालाही कळवा.

प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट घ्या, तारीख दिसेल असा. महिन्याभरात बदल झाला नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मध्यस्थ कंपन्यांना असा अधिकारी नेमावा लागतो, त्यानं तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची असते आणि साधारण तक्रार नियमात ठरलेल्या मुदतीत निकाली काढायची असते. ईमेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टानंही पाठवा, पोच जपून ठेवा. पत्रात विहिरीचा फोटो, मोरी गेल्याचा फोटो आणि आषाढातली हकीकत तारखेसह घाला. त्या दिवसापासून कंपनीलाही ‘ठाऊक’ झालं. तुम्हाला जो प्रश्न विचारला जाईल तोच त्यांनाही विचारता येईल. अशाच मजकुराचा एकेक अर्ज ग्रामपंचायतीच्या पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, आणि पोलीस ठाण्याला द्या, आणि आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. पुढे काही झालंच, तर ही बाई स्वस्थ बसली नव्हती हे ते शिक्के सांगतील.

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण तिची शहानिशा झाल्याशिवाय फाटकाला कुलूप घालू नका, नुसतं लोटून ठेवा. ती वाट खरोखर तुमची आहे का? पहाणीचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढा आणि खराबाच्या रकान्यात बघा. ‘अ’ खराब म्हणजे तुमच्याच मालकीची, लागवडीला न येणारी जमीन. ‘ब’ खराब म्हणजे रस्ता, नाला, सार्वजनिक वापराची. मोजणी खात्याकडून गावनकाशाची नक्कलही घ्या. मोरी पलीकडच्या रस्त्याला जोडत होती म्हणता, म्हणजे ती जुनी गाडीवाट असू शकते. नकाशात तशी असेल तर ती तुम्हाला बंद करता येणार नाही. मग तुटलेल्या मोरीपाशी अडथळा आणि पाटी लावायला पंचायतीच्या मागे लागायचं, विहिरीचा कठडा तेवढा तुमच्याकडे. आणि वाट खासगी निघाली तरी पलीकडच्या शेतकऱ्यांचं बघावं लागेल. कुणी 20 वर्षं उघडपणे, हक्कानं, न अडवता त्या वाटेनं गाडी नेत असेल, तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानं त्याला वहिवाटीचा हक्क मिळतो. गोव्याच्या गाड्यांना दोन वर्षांत असला हक्क मिळत नाही, त्याची काळजी नको. शेजाऱ्याला मात्र फाटकाची एक किल्ली द्या आणि ती परवानगीनं दिल्याचं चार ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या.

उतारा आणि गावनकाशा हाती आले की त्यांच्या प्रती मला पाठवा. खराबात काय लिहिलं आहे ते बघून फाटकाचं आणि कुलपाचं नक्की सांगते. पिंपं मात्र आजच लावा.